मोरटेकची सून

भाविकानं मोबाइल समोर धरला तेव्हा सुगंधाबाई मेथी निवडत होत्या. "आई, हे बघ. रविवारी इथे जाऊ या. डोंगरावरचं गाव आहे, ऐतिहासिक. निम्म्यापर्यंत गाडी जाते आता." सुगंधाबाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं, मुलगी दाखवतेय म्हणून पाहायचं तेवढंच. काळ्या दगडाचा दरवाजा होता. उजव्या खांबात कोनाडा, आणि कोनाड्याखाली दगडाचा टवका उडालेला. तो खळगा आंब्याच्या कोयीसारखा आहे हे त्यांना चित्र मोठं न करताही ठाऊक होतं. दोन वर्षं, एक हात डोक्यावरच्या हंड्यांना लावून, दुसऱ्या हाताचा अंगठा त्या खळग्यात टेकवून त्यांनी दम घेतला होता. हातातली जुडी पडली नाही, काही झालं नाही. फक्त पुढची दोन-तीन मिनिटं त्या पानं कचऱ्यात टाकत गेल्या आणि देठं पातेल्यात. भाविकाच हसली, "अगं, काय करतेस?" सुगंधाबाईंनी पातेल्यात पाहिलं. "कोणतं गाव म्हणालीस?" "मोरटेक. पाचोऱ्याच्या पलीकडे, अजिंठ्याच्या रांगेत. तुला नसेल माहीत." "माझे गुडघे कुठे चढतात आता," त्या म्हणाल्या, आणि देठं एकेक करून वेचून बाहेर काढली. शेवटचं देठ काढल्यावर त्यांनी विचारलं, "किती वाजता निघायचं?"

बेचाळीस वर्षांत त्या घरात मोरटेक हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. जीवरामांना ठाऊक होतं, अर्थात. काडीमोड झालेली बाई म्हणूनच ती त्यांना दाखवली होती, आणि तेही बिजवर होते, एसटीच्या वर्कशॉपात फिटर. पाट लागला त्याच दिवशी, पाहुणे गेल्यावर, हातावरचं ऑइल कपड्यानं पुसावं तसे कोरडेच हात पुसत ते म्हणाले होते, "हे बघा, मागचं मागे. मी काही विचारणार नाही. तुम्हीही माझ्या पहिलीचं विचारू नका." आणि मागच्या पौषात डोळे मिटेपर्यंत त्यांनी खरंच विचारलं नाही. त्यांच्या पहिल्या बायकोचं नाव सुगंधाबाईंना कळलं ते एका जुन्या रेशनकार्डावर, ओल्या डागाखाली अर्धं पुसलेलं. त्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं होतं आणि कार्ड होतं तिथे ठेवून दिलं होतं. वाईट माणसाशी भांडून तरी बोलता येतं. चांगल्या माणसानं घालून दिलेलं मौन मोडायचं कसं? ते घरातल्या देव्हाऱ्यासारखं होऊन बसतं, झाडताना आपण त्याला वळसा घालतो. भाविकाला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी तिची आई वडगावात जन्मली आणि थेट पिंप्राळ्याच्या या घरात आली. मधल्या चार वर्षांना जागाच नव्हती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार सुगंधाबाई रोजची कामं करत राहिल्या. दूध तापवलं, कपडे वाळत घातले, आणि मध्येच केव्हातरी डाव्या पायाची टाच उगाच उचलली जायची, चढणीवर उचलतात तशी. मन विसरलं तरी टाच विसरली नव्हती.

रविवारी सकाळी केळीच्या बागा मागे पडल्या. पाचोऱ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, शेवटची वेचणी राहिलेली, झाडावर कुठेकुठे बोंडभर चुकार पांढरा कापूस. भाविका गाडी चालवताना गडाची माहिती सांगत होती, कुठल्या राजवटीत बांधला, टाकी किती, तोफ कुठे. सुगंधाबाई हं हं म्हणत होत्या. त्यांच्या कानात दुसरंच कोणी सांगत होतं. वैशाखातलं ऊन, अंगावर नवं लुगडं, पायांत बापानं घेऊन दिलेल्या नव्या चपला, आणि पुढे चालणारा तो उंच, बावीस वर्षांचा अभिमन. चालता चालता मागे वळून पाहायचा नाही, पण बोलणं मात्र सगळं मागच्यासाठी. "हे गाव कसं बसलं ठाऊक शे का तुले? राजानं पहारेकरी ठेवले व्हते वर. म्हनाला, मी सांगे तोवर उतरू नका. राजा गया, दुसरा राजा उना, तोबी गया. पन उतरा म्हनीसन सांगाले कोनी उनंच नही." एवढं बोलून तो थांबला आणि म्हणाला, "मंग आम्ही आजून पहाराच देतस." ती हसली नव्हती, कारण नवी नवरी हसत नाही. पण पदराआड ओठ दाबले होते, आणि ते त्याला न वळताही कळलं होतं. पुढे दोन वर्षं तो तिला हसवायचाच. पस्तीस उंबऱ्यांचं गाव, संध्याकाळी खाली सगळ्या खानदेशात दिवे लागायचे, आणि वर हे दोघं बुरुजावर बसून कोणता दिवा कोणत्या गावाचा यावर पैजा लावायचे. वडगावचा दिवा ती दरवेळी वेगळाच दाखवायची. तोही दरवेळी मान्य करायचा.

गाडी जिथे थांबली तिथून पायवाट तीच होती. भाविकानं हात धरला. "हळू, आई. घाई नाही." पहिलं वळण, करवंदीची जाळी. दुसरं, जिथे माकडं बसायची. सुगंधाबाई मोजत नव्हत्या, पण चौथं वळण आलं तेव्हा पाय आपोआप थांबले. तिथे आता लोखंडी कठडा आणि पाटी होती, जपून चाला अशी. भाविकाला वाटलं दम लागला. तिनं पाण्याची बाटली काढून दिली. पाणी! होळीनंतर वरची टाकी आटायची आणि बाया निम्मा डोंगर उतरून झिऱ्यावर जायच्या. दुसऱ्या वर्षी ती सहा महिन्यांची गरोदर होती. कोणी तिला जा म्हटलं नव्हतं, जाऊ नको असंही म्हटलं नव्हतं. सगळ्या जातात म्हणून तीही गेली. अभिमन त्या दिवशी खाली बाजाराला गेला होता. या वळणावर पोटात काहीतरी निसटल्यासारखं झालं. तिनं आधी हंडे खाली ठेवले, सांडू न देता, नीट, आणि मग ती बसली. पुढचं तिला आठवतं ते तुकड्यातुकड्यानं: कोणाची तरी गोधडी, एका म्हातारीचा हात, दगडाची ऊब. झालेलं मूल मुलगा होता की मुलगी हे कोणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी बाप आला आणि चार दिवस विसाव्याला म्हणून घेऊन गेला.

चार दिवसांचे चार महिने झाले. मग दिवाळीच्या सुमाराला अभिमन वडगावला न्यायला आला. सुगंधाबाईंनी या आठवणीला इतक्या वेळा हात लावला होता की तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. ओसरीवर तो बसलेला, आत दाराआड ती. त्यानं डोंगरावरची सीताफळं आणली होती, धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून. बाप आत आला. लोकांना वाटतं बापानं अडवली असेल, आईनं भरीस घातलं असेल. तसं काही नव्हतं. बापानं सरळ विचारलं, "सुगंधा, जाशी का?" तिला एवढंच म्हणायचं होतं, जासू. ती दाराच्या फळीवरची रेघ पाहत राहिली. तो काही वाईट माणूस नव्हता; त्याच्यावर राग नव्हता; तिला तो हवाही होता. पण त्याच्याकडे जायला ते वळण होतं. बापानं पुन्हा विचारलं नाही. बाहेर तो दुपार कलेपर्यंत बसला. एकदा त्यानं पाणी मागितलं, आणि ते नेऊन द्यायलाही ती उठली नाही; आईनं दिलं. मग त्याच्या जोड्यांचा आवाज आला, अंगणातून, मग रस्त्यावर, मग नाहीच. सीताफळं तिसऱ्या दिवशी पिकली. घरभर वास सुटला. कोणी खाल्ली नाहीत, शेवटी आईनं शेळीला घातली. पाटाच्या आधी, पाटाच्या नंतर, भाविकाच्या वेळी दिवस राहिले तेव्हा, सुगंधाबाईंना वाटत आलं होतं की कधीतरी या सगळ्याचा जाब कोणीतरी विचारील. कोणीच विचारला नाही.

वर गावात आता अकराच घरं उरली होती. बाकीच्या जोत्यांवर तरवड माजला होता. दरवाज्यातून आत जाताना सुगंधाबाईंनी खांबाकडे पाहिलं नाही. वाटेवर मात्र एक नळ होता, निळ्या पाइपाचा, आणि त्याला पाणी होतं. त्या नळाखाली त्यांनी हात धरला आणि धरूनच राहिल्या. "सोलरवर मोटर बसवलीय," भाविका म्हणाली, "तीन वर्षं झाली म्हणे." तिला टाकी आणि तोफ पाहायची होती. "तू बस इथे कुठे तरी, मी आलेच." आणि जिथे बसायचं ते घर पायांनीच शोधलं. कौलांच्या जागी पत्रे आले होते, पण ओट्याचा लांब दगड तोच. ओट्यावर एक सावळी, काटक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. "बठा अक्का, बठा," ती म्हणाली, "पानी लई येस." पितळी तांब्या आला. "जयगावना का? रविवारना दिन लोके येतस आते. चहा करू का?" आणि चुलीकडे वळता वळता, नुसतं बोलायचं म्हणून, "नाव काय शे तुमनं?"

खोटं सांगता आलं असतं. "सुगंधा," त्या म्हणाल्या.

बाईच्या हातातली चहाची किटली अर्ध्यावर थांबली. "वडगावनी?"

"हां."

तिनं किटली चुलीवर ठेवली, जाळ सारखा केला, आणि मग समोर येऊन बसली. "मी शेवंता. त्यासनी दुसरी." तिनं सुगंधाबाईंच्या चपला पाहिल्या, घड्याळ पाहिलं, चष्मा पाहिला. "ते गयात. पाच वरीस व्हयनात. झोपमाच गयात."

सुगंधाबाईंनी मान हलवली. त्यांना वाटलं होतं हे ऐकताना काहीतरी कोसळेल. तसं काही झालं नाही. गावावरच्या वाऱ्यात एक पत्रा थडथडत होता, तो त्यांना ऐकू येत राहिला. म्हणजे इतकी वर्षं त्या कोणाला भ्यायल्या? पाच वर्षं तर तो नव्हताच.

"माले वाटे तू येकदाव तरी येशी," शेवंताबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शेंग फोडणारी बोटं जोरात चालू लागली होती. "तू उतरनी म्हनीसन मी चढनी. सतरा वरीसनी व्हतू. माले कोनी सांगं नही वर कितला डोंगर शे. पहिली कशी व्हती, कसाले गयी, तेबी कोनी सांगं नही. घरमा तुन्हं नाव लेवाना नही. भांडाले तर मानूस समोर पाहिजे ना? मी कोना संगे भांडू? कोनाडा संगे?"

"माझी चूकच झाली," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि ते वाक्य त्यांना फार शहरी, फार गुळगुळीत वाटलं. "माले भ्याव वाटनं," त्या पुन्हा म्हणाल्या. चाळीस वर्षांत न बोललेली ती बोली तोंडात खडीसाखरेसारखी टोकदार लागली. "पानीनं. त्या चौथा वळननं. तठेच मन्हं पोर गयं."

शेवंताबाईंची बोटं थांबली. "पोर व्हतं?" त्या हळूच म्हणाल्या. "हाई माले कोनीच सांगं नही." मग उठून त्यांनी चहा गाळला, दोन कपांत ओतला, बशी पुढे सरकवली. स्वतःशीच एक हिशेब जुळल्यासारखं त्यांचं तोंड दिसत होतं. "म्हनीसन," त्या म्हणाल्या. "म्हनीसन त्यासनी माले येक दिन हंडा उचलू दिधा नही. सोता कावड लिसन झिरावर जायेत. मानसं हसेत, बायल्या म्हनेत. बाया माले टोमना मारेत, रानी उनी, रानी उनी. टाकावर बठ्ठ्या बाया बोलेत, हसेत, आन मी घरमा येकली. माले वाटे, हंडा दे रे बाप, पन माले बाहेर तर जाऊ दे! मी रडनू येकदाव त्यान्हासाठे. तरी नही."

सुगंधाबाईंचा कप ओठांपाशी गेला आणि परत आला. डोंगराच्या त्या वाटेवर, खांद्यावर कावड घेतलेला अभिमन त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो आता दिसू लागला, आणि दिसला तो म्हातारा होत जाणारा, वाकत जाणारा, दरवर्षी होळीनंतर. त्याला सांगायला हवं होतं की पुरे. कोणी सांगायचं? सांगणारी तर दाराच्या फळीवरची रेघ पाहत बसली होती.

"चांगला मानूस व्हता," शेवंताबाई म्हणाल्या. "दारू नही, हात उगारना नही. थोरला सुरतले शे, धाकली जामनेरले दिधी, दोन्हीसले शिकाडं. मन्ही कायबी तक्रार नही. पन येक इचारू का?"

"इचार."

त्या जरा पुढे वाकल्या. एकोणसाठ वर्षांच्या बाईच्या चेहऱ्यावर एकदम एखाद्या मुलीसारखी ओढ आली, आणि तिची लाजही. "तुन्हा संगे ते हसेत का?"

सुगंधाबाईंनी कप खाली ठेवला. नाही म्हणणं सोपं होतं, आणि दयाळूपणाचंही. सदतीस वर्षं या बाईनं त्याचं जेवण केलं, आजार काढले, शेवटी डोळे मिटवले. तिला कशाला सांगायचं की जे तुला मिळालं नाही ते मला फुकट मिळालं होतं आणि मी ते टाकून गेले? पण नाही म्हटलं तर तो हसणारा अभिमन कुठे जाईल? त्याला पाहिलेलं दुसरं कोणी आता जिवंत नव्हतं. आपण गेल्यावर तोही जाईल. समोरच्या बाईनं विचारलं होतं ते मत्सरानं नव्हतं. तिला स्वतःचा नवरा पुरता पाहायचा होता.

"हसेत," सुगंधाबाई म्हणाल्या. "इतलं हसेत का भिंत धरनी पडे." मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. गावातल्या सगळ्या सुना माहेरी गेलेल्या, आणि हिच्या बापाच्या पायाला कुऱ्हाड लागलेली, त्यामुळे मुराळी म्हणून तिला न्यायला कोणी आलंच नाही. ही दोन दिवस चुलीपाशी नाक ओढत होती. तिसऱ्या दिवशी अभिमननं ओझी बांधायचा जाड दोर, नाडा, सोडला आणि बुरुजाजवळच्या निंबाला झोका बांधला. म्हाताऱ्या ओरडल्या, सून कधी सासरी झोका घेते का? तो म्हणाला, "मंग आजना दिन हाई तिन्हं माहेर." आणि असा झोका दिला, असा दिला की खालचा सगळा खानदेश पायांखालून सरकला, आणि तिच्या एका पायातली चप्पल सुटून दरीत गेली. नवी चप्पल, बापानं लग्नात घेतलेली! ती रडायलाच लागली. अभिमननं दरीत वाकून पाहिलं, मग तिच्या दुसऱ्या पायातली चप्पल काढली आणि तीही फेकून दिली. म्हणाला, "येकली काय करी बिचारी तठे?" आणि मग जो हसायला लागला तो खालीच बसला, मातीत, दोन्ही हातांनी पोट धरून, आणि त्याला पाहून रडता रडता तीही.

"दुसरीबी फेकी दिधी?" शेवंताबाईंनी विचारलं.

"दुसरीबी. आठ दिन मी उघडा पायथीन फिरनू."

"हाऊ मन्हा नवरा?" शेवंताबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पोटातून एक आवाज आला. तो हुंदका आहे असं वाटून सुगंधाबाईंनी हात पुढे केला, पण ते हसू होतं. आधी दबलेलं, मग पदर तोंडाशी धरूनही न मावणारं, खोकला येईपर्यंत. "आन मन्ही चप्पल तुटनी का रातभर शिवत बठे! येक शब्द नही बोले!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि सुगंधाबाईही. चहावर साय धरली होती.

भाविका परत आली तेव्हा तिला ओट्यावर दोन म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून हसताना दिसल्या. "काय झालं?" ती विचारत होती. "ओळख निघाली की काय, मावशी?"

शेवंताबाईंनी हसू आवरलं आणि सुगंधाबाईंकडे पाहिलं. शेंगांचं सूप त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. वाऱ्यानं पत्रा थडथडला. सुगंधाबाईंना जीवरामांचे पुसणारे हात आठवले, आणि मनातल्या मनात त्या त्यांना म्हणाल्या, रागवू नका. "भाविका, बस," त्या म्हणाल्या. "मी इथे नांदले. दोन वर्षं. या घरात. तुझ्या पप्पांच्या आधी." आणि थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही म्हणून लगेच पुढचंही सांगितलं, "एक मूल राहिलं होतं. सहाव्या महिन्यात गेलं. मग मी उतरले ती परत आलेच नाही."

भाविका उभीच होती. तिच्या हातातला मोबाइल खाली आला. कितीतरी प्रश्न तिच्या चेहऱ्यावरून गेले. सुगंधाबाईंनी ते एकेक जाताना पाहिले. "पप्पांना माहीत होतं?" शेवटी तिनं विचारलं.

"होतं. चांगलं ठाऊक होतं."

ती ओट्याच्या दगडावर, आईच्या अगदी जवळ, बसली. खूप वेळ तिनं आईच्या पावलांकडे पाहिलं, जणू ती पहिल्यांदाच दिसत होती. मग म्हणाली, "आणि आत्ता तुम्ही हसत कशाला होतात?"

सुगंधाबाई तोंड उघडणार तोच शेवंताबाईंनी सांगायला सुरुवात केली. आखाजी, नाडा, निंब, म्हाताऱ्या. त्यांच्या सांगण्यात झोका आणखी उंच गेला होता, म्हाताऱ्या चारच्या सात झाल्या होत्या, आणि चप्पल दरीत पडताना तीनदा दगडांवर आपटली होती. सुगंधाबाईंनी एकदाही दुरुस्त केलं नाही. मध्येच भाविका हसली, आणि आईसारख्याच तिच्या हसण्याकडे शेवंताबाई थबकून पाहत राहिल्या, आणि पुन्हा पुढे सांगू लागल्या, हातवारे करत, स्वतः तिथे हजर असल्यासारख्या.

ऊन उतरायला लागल्यावर निघणं भाग होतं. शेवंताबाईंनी फोडलेल्या शेंगदाण्यांची पुरचुंडी भाविकाच्या हातात दिली आणि दरवाज्यापर्यंत सोबत आल्या. तिथे थांबून त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. "सुगंधा," त्या म्हणाल्या, "आखाजीले कोठे जास तू?"

"कोठे जाऊ आते? माय नही, बाप नही. वडगावले कोनी उरनं नही."

"मंग आठे ये." शेवंताबाईंनी खाली, वाटेकडे पाहत सांगितलं. "मुराळी धाडसू. थोरला दीपक येई सुरतथीन, त्याले सांगसू."

भाविका दोन पावलं पुढे जाऊन थांबली होती आणि आईचं तोंड पाहत होती. खाली उतारावर कोणाची तरी शेळी ओरडली.

"येसू," सुगंधाबाई म्हणाल्या.